गिल्गमेशच्या अकराव्या पाटीत महापूर कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा: मेसोपोटेमियातल्या मातीच्या पाट्यांवर लिहिलेल्या महाकाव्यात उरुकचा राजा गिल्गमेश निघतो मरण चुकवायला. मग कथा ऐन रंगात असताना अकराव्या पाटीत जवळपास दोनशे ओळींची महापुराची गोष्ट मध्येच कशी येते? ती मुळात वेगळी होती का? नोहाची आणि आपल्या मनूची गोष्ट म्हणजे हीच का? आणि मृत्यू स्वीकारण्याशी तिचा संबंध काय?

ती वेगळी होती, आणि जुनीही. पण ती ठिगळ म्हणून जोडलेली नाही, पुरावा म्हणून मांडलेली आहे. गिल्गमेशचा युक्तिवाद साधा आहे: एक माणूस अमर झाला, मग मी का नाही? समोर बसलेला उत-नपिश्तिम, म्हणजे महापुरातून वाचून अमर झालेला तोच माणूस, त्याला नीतिबोध करत नाही, आपली केस कशी घडली ते सांगतो. गोष्ट संपते तिथे एकच प्रश्न टाकतो: आता तुझ्यासाठी देवांची सभा कोण भरवणार? अकरावी पाटी वाचताना ही ओळ निसटली, तर होडी, पक्षी, डोंगर एवढंच हाती उरतं.

आधी कोणती पाटी कुठली ते लावून घेऊ, कारण बहुतेक घोटाळे तिथेच होतात. आज 'गिल्गमेश महाकाव्य' म्हणून जे छापलं जातं ती प्रमाण बॅबिलोनी आवृत्ती. सिन्-लेकी-उन्निन्नी या पंडिताच्या नावावर ती चालते, काळ साधारण इ.स.पू. १२०० ते ११००, एकूण १२ पाट्या. तिच्या सर्वांत प्रसिद्ध प्रती निनेवेच्या असिरियन राजा अशुरबनिपालच्या (इ.स.पू. सातवं शतक) ग्रंथसंग्रहातल्या. जॉर्ज स्मिथने ३ डिसेंबर १८७२ रोजी लंडनमध्ये महापुराचा जो भाग वाचून दाखवला, तो यातलाच. याआधीची जुनी बॅबिलोनी आवृत्ती इ.स.पू. १८०० ते १७०० च्या सुमाराची. तिच्यातही गिल्गमेश त्या अमर माणसाच्या शोधात निघतो, पण तिच्या सापडलेल्या पाट्यांत महापूर सांगितलेला नाही. त्याच्याही मागे सुमेरी भाषेतल्या सुट्या कविता आहेत. त्यांत या राजाचं नाव 'बिल्गमेश' असं येतं.

महापुराची मूळ कथा 'अत्रहसिस' या काव्यात आहे. तिची चांगली प्रत अम्मी-सदुका राजाच्या काळातली (इ.स.पू. १६४६ ते १६२६), इपिक-अया नावाच्या लेखनिकाने तीन पाट्यांवर लिहिलेली, १२४५ ओळींची. माझा सल्ला असा, की गिल्गमेशच्या अकराव्या पाटीआधी ही वाचावी. उलट क्रमाने वाचलं की महापुराचं कारणच कळत नाही. अकराव्या पाटीत कारण दिलेलंच नाही. महान देवांच्या मनात आलं, एवढंच.

अत्रहसिसमध्ये कारण आहे, आणि ते पाप नाही. सुरुवातीला धाकटे देव कालवे खणून थकतात, अवजारं जाळतात, देवांचा प्रमुख एन्लिल याच्या दाराशी दंगा करतात. त्यांचं काम करायला माणूस घडवायचं ठरतं. एका देवाला मारून त्याचं रक्तमांस मातीत कालवतात. त्या देवाच्या मांसातून माणसात 'एटेम्मू' येतो, म्हणजे मेल्यावर उरणारा प्रेतात्मा. म्हणजे मातीचा गोळा मळला जातो तेव्हाच त्यात प्रेत कालवलेलं आहे. पण मरण केव्हा यायचं याचा काही नियम केलेला नाही. माणसं वाढतात, गलबला वाढतो, एन्लिलची झोप उडते. तो आधी साथ धाडतो, मग दुष्काळ, आणि कशानेच भागत नाही तेव्हा महापूर. सात दिवस सात रात्री.

पुराच्या शेवटी देवांच्या लक्षात येतं की माणूस नसेल तर नैवेद्यही नाही. तडजोड होते. काही बायका वांझ राहतील, काही पुजारिणींनी मूल होऊ द्यायचं नाही, पाशित्तू नावाची राक्षसीण आईच्या मांडीवरून तान्हं उचलून नेईल. याच ठिकाणी पाटी फुटलेली आहे. तिथे मातृदेवतेला 'माणसांना मरण नेमून दे' असा आदेश असावा, असं डब्ल्यू. जी. लॅम्बर्ट यांनी सुचवलं आणि ते बऱ्याच अभ्यासकांनी मान्य केलं. या पूरक वाचनाला दुसरीकडून आधार मिळतो. 'बिल्गमेशचा मृत्यू' या सुमेरी कवितेत देवांची सभा भरते आणि एन्की देव सांगतो: महापुरानंतर आपण शपथ घेतली होती की झिउसुद्राखेरीज (हे उत-नपिश्तिमचं सुमेरी नाव) कोणाही माणसाला चिरंतन आयुष्य मिळणार नाही, बिल्गमेशची आई देवी असली तरी त्याला सूट नाही. महापूर आणि मरण इथे एकाच ठरावाची दोन कलमं आहेत. पुढे युफ्रेटिसचा प्रवाह वळवून तिच्या कोरड्या पात्रात बिल्गमेशचं दगडी थडगं बांधतात, आणि मग नदी परत वरून सोडतात.

राजवंशांच्या सुमेरी यादीतही हाच सांधा आकड्यांत दिसतो. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातल्या चौकोनी मातीच्या ठोकळ्यावर महापुराआधी ५ नगरांत ८ राजांनी मिळून २,४१,२०० वर्षं राज्य केलं असं लिहिलंय. मग 'महापूर सगळ्यावरून फिरला' हे वाक्य येतं, आणि आकडे घसरू लागतात. गिल्गमेशच्या वाट्याला १२६ वर्षं, त्याच्या मुलाच्या वाट्याला ३०. हा इतिहास नव्हे, पण आयुष्याचं माप महापुरापाशी बदललं, ही समजूत किती मुरलेली होती ते यातून कळतं. या यादीच्या सर्वांत जुन्या उपलब्ध प्रतीत मात्र महापुराआधीचा भाग नाही. तो नंतर वर जोडलेला आहे.

अकराव्या पाटीत अत्रहसिसचा मजकूर उचललेला आहे याची खूण पाटीतच राहून गेलीय. नायकाचं नाव उत-नपिश्तिम असताना एआ देव (सुमेरीतला एन्की) एन्लिलपुढे म्हणतो, 'मी देवांचं गुपित फोडलं नाही, अत्रहसिसला फक्त एक स्वप्न दाखवलं.' जुन्या नायकाचं नाव तसंच राहिलं. उत-नपिश्तिम या नावाचा अर्थ 'मला जीवन गवसलं' असा लावतात. आणि गिल्गमेशला वाटेत ऐकायला मिळतं, 'जे आयुष्य शोधतोस ते तुला गवसणार नाही.' दोन्हीकडे क्रियापद एकच. भाषांतरात हा खटका हरवतो.

गुपित न फोडता फोडण्याची युक्ती दोन्ही काव्यांत तीच. देवाने शपथ घेतलीय की माणसाशी बोलणार नाही, म्हणून तो कुडाशी बोलतो: 'कुडा, कुडा! भिंती, भिंती! ऐक. घर मोड, होडी बांध. धनदौलत सोड, जीव राख.' भिंतीला कान असतात हे त्याला पक्कं माहीत.

होडीच्या मापांचा एक तपशील तुलनेसाठी फार उपयोगी आहे. अकराव्या पाटीतली होडी म्हणजे चक्क घन: प्रत्येक बाजू १२० हात, म्हणजे सुमारे ६० मीटर, ७ मजले, प्रत्येक मजल्यात ९ कप्पे. अशी पेटी पाण्यात धड राहणार नाही, हे कुठलाही नावाडी सांगेल. मग हे माप आलं कुठून? ब्रिटिश म्युझियमचे अर्व्हिंग फिंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६० ओळींच्या जुन्या बॅबिलोनी पाटीत उत्तर मिळतं. तिथे होडी गोल आहे, इराकी नद्यांतल्या 'कुफ्फा'सारखी. हंपीला तुंगभद्रेत ज्या गोल टोपलीहोड्या चालतात, तोच घाट. वळलेल्या दोराची वेटोळी एकावर एक रचायची, लाकडी बरगड्या घालायच्या, आतून-बाहेरून बोटभर जाडीचं डांबर थापायचं. क्षेत्रफळ १ इकू, म्हणजे सुमारे ३,६०० चौरस मीटर. व्यास ७० मीटरच्या आसपास. भिंत ६ मीटर उंच. आता ६० मीटर गुणिले ६० मीटर करून पाहा: तेच १ इकू. नंतरच्या संपादकाने क्षेत्रफळ सांभाळलं, वर्तुळाचा चौरस केला आणि उंचीही तेवढीच ताणली. अकराव्या पाटीत मापाच्या ओळीत 'किप्पतू' हा वर्तुळाचा शब्द मात्र तसाच राहिला आहे.

आता मृत्यूकडे. अकराव्या पाटीतला महापूर समजायला दहाव्या पाटीचा शेवट लागतो. तिथे उत-नपिश्तिम म्हणतो की माणूस बोरूच्या बनातल्या बोरूसारखा मोडला जातो. मरणाचं तोंड कोणी पाहिलेलं नाही, तरी ते भरात आलेल्या पोरांना खुडून नेतं. किती काळ आपण घरं बांधतो, किती काळ भाऊ वाटण्या करतात, किती काळ वैर चालतं? नदीला पूर येतो, पाण्यावर चतुर हा कीटक वाहत जातो, तोंड सूर्याकडे करून. आणि एका क्षणात तिथे काहीच नसतं. इथे नदीच्या पुरासाठी 'मीलू' हा शब्द आहे, दर वसंतात डोंगरातला बर्फ वितळून येतो तो नेहमीचा पूर. जगबुडीच्या पुराला 'अबूबू' म्हणतात. आणि तो चतुर? अत्रहसिसमध्ये मातृदेवता रडताना हाच कीटक आहे: माझी लेकरं चतुरांसारखी नदी भरून पडली आहेत. एका काव्यात सामूहिक संहाराची असलेली उपमा दुसऱ्यात एकट्या माणसाच्या रोजच्या मरणाला लावली गेली. महापूर एकदाच आला, पण प्रत्येकाच्या वाट्याला छोटा पूर असतोच, हे न बोलता सांगून झालं.

यामुळे मराठीत 'अबूबू'साठी 'प्रलय' शब्द वापरू नये असं मला वाटतं. पुराणातला प्रलय फेऱ्याफेऱ्याने येतो, त्यानंतर पुन्हा सृष्टी असते. अबूबू एकदाच आला. तो काळाची हद्द आहे. 'महापूर' फिका वाटला तरी बरोबर.

महापुराची गोष्ट संपल्यावर लगेच परीक्षा येते. अमर व्हायचंय ना, मग सहा दिवस सात रात्री झोपू नकोस. हा आकडा उगाच नाही: प्रमाण आवृत्तीत वादळ तेवढंच चाललं होतं, आणि गिल्गमेशने आपला मित्र एन्किडू याचं प्रेत तेवढेच दिवस पुरू दिलं नव्हतं, नाकातून अळी पडेपर्यंत. गिल्गमेश बसल्या बसल्या झोपतो. तो नाकबूल करेल हे ओळखून उत-नपिश्तिमची बायको रोज एक भाकरी भाजून त्याच्या उशाशी ठेवते. सातव्या दिवशी तो जागा होतो तेव्हा पहिली वाळून कडकडीत, दुसरी चामड्यासारखी, तिसरी ओलसर, चौथी पांढरी पडलेली, पाचवीवर बुरशी, सहावी ताजी, सातवी अजून निखाऱ्यावर. मरणावर इतकं नेमकं काही प्राचीन साहित्यात मी तरी वाचलेलं नाही: वाद नाही, उपदेश नाही, सात भाकऱ्या. झोप ही मरणाची धाकटी बहीण, आणि जो तिलाच हरवू शकत नाही त्याने पुढचं काय बोलावं.

मग जाता जाता मिळालेली वनस्पती. ती अमरत्व देत नाही, म्हाताऱ्याला तरुण करते. तीही तो लगेच खात नाही. उरुकला नेऊन आधी एखाद्या म्हाताऱ्यावर अजमावू म्हणतो. थंड पाण्याच्या डोहात अंघोळीला उतरतो, साप ती नेतो आणि जाताना कात टाकतो.

उरुकला पोचल्यावर तो नावाडी उर्शनबीला म्हणतो, तटावर चढ, विटा बघ. एक 'शार' (क्षेत्रफळाचं माप) नगर, एक शार खजुराच्या बागा, एक शार माती काढायच्या खाणी, अर्धा शार इश्तारचं देऊळ. हे शब्द पहिल्या पाटीत आलेलेच असतात. पहिल्या पाटीत आणखी एक गोष्ट सांगितलेली असते, जी पहिल्या वाचनात कोणाच्या ध्यानात राहत नाही: हा राजा महापुराआधीची वार्ता घेऊन आला आणि महापुराने उद्ध्वस्त केलेली देवस्थानं त्याने पुन्हा उभी केली. जीवन हाती लागलं नाही, पण महापुरापलीकडची माहिती लागली. राजाला करण्याजोगं काम त्यातून निघालं.

वाचकांच्या नेहमीच्या चुकांपैकी सगळ्यांत मोठी सिदुरीची. समुद्रकाठची ही कलालीण गिल्गमेशला म्हणते: देवांनी माणूस घडवला तेव्हा मरण माणसाला दिलं, जीवन आपल्या हाती ठेवलं, पोट भर, रात्रंदिवस नाच, धुतलेले कपडे घाल, न्हा, हात धरणाऱ्या लेकराकडे बघ, बायकोला कुशीत सुख दे. जिथे तिथे हा उतारा महाकाव्याचं सार म्हणून देतात. पण तो १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या एका जुन्या बॅबिलोनी पाटीवर आहे. प्रमाण आवृत्तीत सिदुरी आहे, हे भाषण नाही. सिदुरीचं उत्तर घरगुती सुखाचं आहे, नंतरच्या आवृत्तीचा कल ज्ञान आणि राजकर्तव्याकडे आहे. दोन्ही एकत्र कालवून 'मेसोपोटेमियाचा संदेश' काढला की दोन्ही बिघडतात. ही विचारधारा दुसरीकडेही वाहत होती. सिरियातल्या एमार आणि उगारित इथे मिळालेल्या, जुन्या राजांवरच्या एका छोट्या गीतात विचारलंय: झिउसुद्रासारखं आयुष्य शोधणारा गिल्गमेश कुठे आहे? हुवावा (गिल्गमेशने मारलेला राक्षस) कुठे, एन्किडू कुठे? आनंद नसलेलं जगणं मरणापेक्षा कशात सरस?

बायबलबद्दल. नोहाची कथा मेसोपोटेमियातल्या कथेच्या घराण्यातली आहे, यात फारशी शंका उरलेली नाही. पूर तर सगळीकडे येतात. तेवढ्यावरून नातं ठरत नाही. ठरतं ते अनावश्यक तपशिलांच्या क्रमावरून: देव एकाला सावध करतो, होडीची मापं सांगतो, डांबर लावायला सांगतो, होडी डोंगरावर टेकते, पक्षी सोडून जमीन तपासतात, होम करतात, देवाला वास आवडतो. उत्पत्तीच्या पुस्तकात डांबराला आलेला 'कोफेर' हा हिब्रू शब्द अक्कादी (बॅबिलोनी पाट्यांची भाषा) 'कुप्रू'चा भाऊ आहे. पक्ष्यांचा क्रम उलटा: अकराव्या पाटीत पारवा, पाकोळी, कावळा, बायबलमध्ये आधी डोमकावळा, मग पारवा. वाट कशी सापडली असेल? गिल्गमेशचा एक तुकडा इस्रायलमधल्या मेगिद्दोला आणि महापुराच्या कथेचा तुकडा उगारितला मिळालाय. कीलाकार लिपी शिकणारी पोरं ही काव्यं पाठ म्हणून गिरवत. बायबलमध्ये दोन वृत्तान्त एकमेकांत विणलेले आहेत (एकात ४० दिवस, दुसऱ्यात १५० दिवस पाणी), म्हणून तुलना करताना आधी ते सोडवून घ्यावे. आणि कारण पाहावं. तिथे पूर दुष्टपणाची शिक्षा आहे. अत्रहसिसमध्ये गोंगाट, आणि एन्लिललाच बाकीचे देव बोल लावतात.

उत्खननातला गाळ दाखवून 'महापूर खरा ठरला' म्हणणं टाळा. उत्खनक लेनर्ड वुली यांना १९२९च्या सुमारास उर या शहरात सुमारे ३ मीटर स्वच्छ गाळ मिळाला, पण तो महापुराच्या कथेतल्या शुरुप्पाक शहराच्या (साधारण इ.स.पू. २९००) थरापेक्षा काही शतकं जुना आहे, आणि उरच्या जवळच्या एरिडूत तसा थरच नाही. नद्या पात्र बदलत, वेगवेगळी शहरं वेगवेगळ्या वेळी बुडत.

मनूची गोष्ट शतपथ ब्राह्मणात (१.८.१) येते: हात धुण्याच्या पाण्यात आलेला मासा, आधी घागर, मग खड्डा, मग समुद्र, होडीचा दोर शिंगाला, उत्तरेचा डोंगर. मासा तिथे विष्णू नाही. महाभारताच्या वनपर्वात तो ब्रह्मा, मत्स्यावतार त्यानंतरचा. डांबर नाही, पक्षी नाहीत, देवांची भांडणं नाहीत. पुरानंतर मनू पाण्यात तूप, दही यांची आहुती देतो आणि त्यातून त्याची कन्या इडा प्रकट होते. गोष्टीचा रोख यज्ञ आणि संतती यांकडे आहे, मरणाकडे मुळीच नाही. उसनवारी सिद्ध करण्याइतकं साम्य मला दिसत नाही.

गिल्गमेशशी ताडून पाहायचा असेल तर मनू नको, नचिकेता घ्या. यम त्याला पुत्रपौत्र, धन, दीर्घायुष्य, अप्सरा देऊ करतो, म्हणजे सिदुरीची यादीच वाढवून, आणि तो नाकारतो. कठोपनिषद म्हणतं, 'सस्यमिव मर्त्यः पच्यते सस्यमिवाजायते पुनः'. पीक पिकतं आणि पुन्हा उगवतं. मेसोपोटेमियाच्या उपमेतला बोरू मोडतो आणि विषय संपतो. पुनर्जन्म नाही, स्वर्ग-नरकाचा निवाडाही नाही. सातव्या पाटीत एन्किडूला स्वप्नात दिसलेल्या पाताळात राजे आणि पुजारी सारखेच अंधारात बसलेत, अंगावर पिसं, खायला माती.

तिथे फरक पडतो तो एकाच गोष्टीने: मागे कोणी पाणी ओततं का. 'किस्पू' नावाच्या विधीत पितरांना अन्नपाणी देत. तर्पणाची आठवण आपल्याला होणारच. बारावी पाटी मागाहून जोडलेली आहे आणि कथेशी जुळत नाही (एन्किडू त्यात पुन्हा जिवंत आहे), म्हणून बरेच जण ती गाळतात. गाळू नये. गिल्गमेश एकेक मेलेला कसा आहे ते विचारत जातो आणि एन्किडू सांगत जातो: एक मुलगा असलेला रडतोय, सात मुलांचा बाप देवांच्या शेजारी बसलाय, ज्याला पाणी देणारं कोणी नाही तो भांड्याची खरवड आणि रस्त्यावर फेकलेले तुकडे खातोय. जुन्या सुमेरी कवितेत आणखी एक प्रश्न आहे. आगीत जळून मेला तो कुठे दिसला? नाही दिसला, त्याचा आत्मा तिथे नव्हताच, त्याचा धूर आभाळात गेला होता.